दहा नाणी, शंभर फेऱ्या: प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

भाचीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा प्रकल्प करायचा आहे. विषय तिचाच, नाणेफेक. कॉलेजसाठी ती आमच्याकडे राहते. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, म्हणून वही माझ्याकडे आली. गणित तिचं, नोंद माझी.

ठरलं ते असं. एक-एक रुपयाची दहा नाणी फुलपात्रात घालून, वर हात ठेवून हलवायची आणि घडी घातलेल्या चादरीवर उपडी करायची. फरशीवर नाणी घरंगळत कपाटाखाली जातात, चादरीवर जागच्या जागी बसतात. सिंहाची बाजू म्हणजे छापा, आकड्याची बाजू म्हणजे काटा. एका फेरीत छापे किती, एवढंच लिहायचं. अशा १०० फेऱ्या, म्हणजे १००० नाणी.

पहिल्याच फेरीत आठ छापे पडले. आई म्हणाली, "नाण्यात काहीतरी खोट असणार." भाची म्हणाली, "पाच यायला हवे होते ना मामा?" मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

४ जानेवारी

बरोबर पाच छापे पडण्याची शक्यता किती? रात्री जेवण झाल्यावर यावर बसलो.

माझं पहिलं उत्तर असं होतं: छापे ० ते १० कितीही पडू शकतात, म्हणजे अकरा शक्यता, म्हणून अकरात एक. हे चुकीचं आहे आणि चूक कुठे आहे ते भाचीनं दोन नाण्यांवर दाखवलं. दोन नाण्यांत छापे ०, १ किंवा २. तीन निकाल दिसतात, पण "एक छापा" दोन रस्त्यांनी येतो: पहिलं नाणं छापा, दुसरं काटा, किंवा उलट. खऱ्या शक्यता चार आहेत आणि त्यातल्या दोन "एक छापा" देतात. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की दालाँबेरसारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं १७५४ मध्ये नेमकी याच जातीची चूक छापली होती. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची शक्यता त्यानं तीनात दोन लिहिली. ती चारात तीन आहे.

मग दहा नाणी. प्रत्येकाला दोन बाजू, म्हणून एकूण २ गुणिले २ असं दहा वेळा, म्हणजे १०२४ मांडण्या. प्रत्येक मांडणी सारखीच शक्य. सगळे छापे ही त्यातली फक्त एक मांडणी. पाच छाप्यांच्या मांडण्या किती, तर दहा जागांतून पाच जागा निवडण्याचे प्रकार:

१० × ९ × ८ × ७ × ६ भागिले ५ × ४ × ३ × २ × १ = ३०२४० ÷ १२० = २५२.

२५२ भागिले १०२४, म्हणजे २४.६ टक्के. "पाच यायलाच हवेत" असं आम्ही दोघंही धरून बसलो होतो आणि चार फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत पाच येतच नाहीत! हे उत्तर बराच वेळ बघत बसलो.

पूर्ण ओळ अशी, ० छाप्यांपासून १० पर्यंत: १, १०, ४५, १२०, २१०, २५२, २१०, १२०, ४५, १०, १. बेरीज १०२४. बेरीज जुळली की हिशेबनिसाला बरं वाटतं.

आता कालचे आठ छापे. नुसत्या आठची शक्यता ४५ भागिले १०२४, म्हणजे ४.४ टक्के. पण आईच्या शंकेचं उत्तर त्यात नाही. नऊ किंवा दहा पडले असते तरी ती तेच म्हणाली असती, आणि आठ काटे पडले असते तरीही. म्हणून दोन्ही टोकं धरायची: ४५ + १० + १ = ५६, दुप्पट ११२. ११२ भागिले १०२४ म्हणजे जवळजवळ ११ टक्के. नऊ फेऱ्यांत एकदा होणारी गोष्ट. एवढ्यावरून नाण्यात खोट धरता येत नाही.

६ जानेवारी

आज आईनं जे दिलं ते कुठल्याही गाईडमध्ये मिळालं नसतं.

भाची तीन नाण्यांचा तक्ता काढत होती. छाछाछा, छाछाका, छाकाछा... आई शेंगा सोलत होती. ऐकता ऐकता म्हणाली, "हे तर गण झाले." आणि शाळेतलं पाठ म्हणून दाखवलं: यमाताराजभानसलगं.

वृत्तं शिकलेल्या प्रत्येकाला हे येतं. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु, म्हणून गण आठ. छापा म्हणजे गुरु आणि काटा म्हणजे लघु धरलं की तोच तक्ता. तिन्ही गुरु: म, एकच. दोन गुरु: य, र, त, तीन. एक गुरु: ज, भ, स, तीन. गुरु नाहीच: न, एक. १, ३, ३, १. भाचीनं पेन खाली ठेवलं.

मी त्या सूत्रावर बोट फिरवून पाहिलं. य-मा-ता घेतलं की यगणाचं रूप, मा-ता-रा घेतलं की मगणाचं, आणि असं एकेक अक्षर पुढे सरकत गेलं की दहा अक्षरांत आठही गण एकदाच येतात. तीन नाण्यांच्या आठ शक्यता एका शब्दात गुंफल्या आहेत. शाळेत हे मीही घोकलं होतं, पण मोजलं कधी नव्हतं.

हा विचार छंदशास्त्रातून आला आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर टीका लिहिताना दहाव्या शतकात हलायुधानं मेरुप्रस्तार समजावला. वर एक चौकट, खाली दोन, त्याखाली तीन, कडेला एक-एक, आणि आतल्या प्रत्येक चौकटीत वरच्या दोन चौकटींची बेरीज. आज पुस्तकात याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. पास्कल सतराव्या शतकातला, आणि त्यानं फर्मा या गणितज्ञाशी १६५४ मध्ये केलेला पत्रव्यवहार संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात मानतात, तेव्हा त्याचा मान आहेच. पण प्रकल्पात मेरुप्रस्तार हाच शब्द येईल, असं भाचीनं ठरवलं. मला ते पटलं.

९ जानेवारी

४० फेऱ्या झाल्या. नियम पक्के केले. एखादं नाणं चादरीच्या घडीला टेकून उभं राहिलं तर ती सगळी फेरी रद्द, तेवढं एकच नाणं नव्याने टाकून चालवायचं नाही. तसं केलं की "हे जरा कललंच आहे" म्हणून हात आपल्या मनासारखा वागायला लागतो. आतापर्यंत तीन फेऱ्या रद्द.

अंगठ्यानं उडवण्याऐवजी फुलपात्र का, हेही लिहून ठेवतो. पर्सी डायाकोनिस हा गणितज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये गणितानं दाखवलं की हाताने उडवलेलं नाणं ज्या बाजूनं वर असतं त्याच बाजूनं पडण्याकडे किंचित झुकतं. पुढे २०२३ मध्ये एका गटानं ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून हे तपासलं. तीच बाजू येण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. आमच्या हजार नाण्यांत एवढा सूक्ष्म फरक दिसणारही नाही, पण टाळता येतो तर टाळायचा.

१३ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. सगळे तो होतो त्या संमती कट्ट्याला गेलो. ताई आणि धाकटा भाचा बार्शीहून आले. काम बंद.

१७ जानेवारी

ही नोंद सावकाश लिहितो.

धाकटा आठवीत आहे. गड्ड्यासाठी, म्हणजे यात्रेसाठी, आला तो चार दिवस राहिला. त्याच्या ताईचं, म्हणजे भाचीचं, काम करू म्हणाला. भाचीला काल प्रॅक्टिकल होतं, तेव्हा तिनं फुलपात्र त्याच्याकडे दिलं आणि ६१ ते ८० या वीस फेऱ्या करायला सांगितल्या. संध्याकाळी त्यानं कागद आणून दिला: ५, ६, ४, ५, ५, ४, ६, ५, ४, ५, ६, ५, ५, ४, ५, ६, ४, ५, ५, ६. "बघा मामा, किती छान आलंय!"

छानच होतं. एकही ३ नाही, एकही ७ नाही. आधीच्या ६० फेऱ्यांत दोन छापे दोनदा आले होते, आठ चारदा.

त्याला काही बोलण्याआधी आत जाऊन हिशेब केला. एका फेरीत ४, ५ किंवा ६ येण्याची शक्यता: २१० + २५२ + २१० = ६७२, भागिले १०२४, म्हणजे ६५.६ टक्के. सलग वीस फेऱ्यांत तेच व्हायला ही संख्या स्वतःशी वीस वेळा गुणायची. उत्तर ०.०००२२. साडेचार हजार वेळा वीस-वीस फेऱ्या केल्या तर त्यात एकदा असं दिसेल. आता, आकडे पाहिल्यावर मी ही कसोटी निवडली हेही खरं आहे, म्हणून तिला पुरावा म्हणणार नाही. पण विचारायला एवढं कारण पुरेसं होतं.

विचारलं. त्यानं खाली बघून सांगितलं की पहिल्या दोन फेऱ्या टाकल्या, पण ३ आणि ८ आले. आपलं चुकतंय असं वाटलं. ताईचा प्रकल्प बिघडू नये म्हणून उरलेल्या मनानं भरल्या, आणि ते दोन आकडेही "दुरुस्त" केले.

मी त्याला रागावलो नाही. त्याच्या मनात जे होतं तेच ३ तारखेला आमच्या सगळ्यांच्या मनात होतं: बरोबर म्हणजे पाच. त्याला वहीतली १, १०, ४५, १२० ची ओळ दाखवली. ३ यायला १२० रस्ते आहेत, ८ यायला ४५. ते रस्तेही नाण्याचेच आहेत, चुकीचे नाहीत. तो बराच वेळ बोट ठेवून वाचत बसला. मग म्हणाला, "मग सगळं पाच-पाच आलं तरच चुकलं की मामा."

१८ जानेवारी

वीस फेऱ्या धाकट्यानंच पुन्हा केल्या, मी लिहीत बसलो. एक फेरी रद्द. पाचव्या फेरीत नऊ छापे आले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "नऊ. लिहा."

२१ जानेवारी

संगणकाचा दिवस. दहा नाण्यांचं हाताने झालं, हजारांचं होत नाही.

भाचीनं एक्सेलमध्ये थेट क्रमगुणितं मांडली, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या आकड्यांचे गुणाकार. १००० चं क्रमगुणित मागताच चौकटीत चूक. कमी करत करत आलो: १७० चं येतं, १७१ चं येत नाही. कारण यंत्राच्या नेहमीच्या संख्येला साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात एवढीच मर्यादा आहे. १७० चं क्रमगुणित ३०७ अंकी, ते कसंबसं मावतं. पुढचं मावत नाही. निवडीचे प्रकार काढणारं तयार सूत्र वापरलं तर १००० पैकी ५०० चं उत्तर मिळतं, पण २००० नाणी घेतली की तेही थांबतं. दुसऱ्या बाजूला अर्ध्याचा २००० वा घात इतका लहान होतो की यंत्र त्याला शून्य धरतं.

एक्सेलमध्ये द्विपदी वितरणाचं, म्हणजे इतक्या नाण्यांत इतके छापे येण्याची शक्यता काढणारं, तयार सूत्र आहे आणि ते उत्तर देतं. पण ते कसं देतं हे कळल्याशिवाय प्रकल्पात घालायचं नाही, असं भाचीचं म्हणणं. म्हणूनच मला ती मुलगी आवडते.

मार्ग जुन्या पद्धतीत सापडला. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) निवडींचा नियम दिला आहे: उतरते आकडे वर, चढते आकडे खाली, आणि एकेक पाऊल गुणत-भागत पुढे जायचं. सहा रसांतून एक, दोन, तीन रस निवडून पदार्थ किती होतील, हे त्यांचं उदाहरण. ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. आमच्या दहा नाण्यांना तोच नियम: १, मग १० भागिले १ ने गुणून १०, मग ९ भागिले २ ने ४५, मग ८ भागिले ३ ने १२०, ७ भागिले ४ ने २१०, ६ भागिले ५ ने २५२. कुठेही मोठं क्रमगुणित लागत नाही. शेजारच्या आकड्यावरून पुढचा आकडा.

मग आम्ही कडेपासून न निघता मधून निघालो. ५०० छाप्यांच्या चौकटीत नुसता १ लिहिला. ५०१ साठी त्याला ५०० भागिले ५०१ ने गुणलं, ५०२ साठी ४९९ भागिले ५०२ ने, असं खाली ओढत नेलं. डावी बाजू उजवीसारखीच. शेवटी सगळ्यांची बेरीज: ३९.६४. प्रत्येक आकड्याला या बेरजेनं भागलं की झाली संभाव्यता. मधली: १ भागिले ३९.६४ = २.५२ टक्के. तयार सूत्रानंही तेच दिलं. २००० ला, १०,००० लाही हीच रीत चालते. टोकाचे आकडे शून्य झाले तरी बिघडत नाही, कारण तिथे खरंच जवळजवळ काही नसतं.

२४ जानेवारी

१०० फेऱ्या पूर्ण. किती फेऱ्यांत किती छापे:

एक छापा १ फेरी, दोन ३, तीन ११, चार १९, पाच २२, सहा २४, सात १३, आठ ६, नऊ १. शून्य आणि दहा एकदाही नाहीत.

गणितानं अपेक्षित: एक छापा १, दोन ४.४, तीन ११.७, चार २०.५, पाच २४.६, पुढे तसंच उतरत. चादरीवरचे आणि कागदावरचे आकडे इतके शेजारी बसलेले पाहून मला जो आनंद झाला तो ताळेबंद जुळण्याच्या आनंदापेक्षा मोठा आहे.

एकूण छापे ५१८. भाचीला चिंता: अठरा जास्त! हजार नाण्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे मधल्या आकड्यापासून सहज होणारा नेहमीचा हेलकावा, १००० च्या वर्गमुळाच्या निम्मा, १५.८. अठरा म्हणजे त्याहून थोडंच जास्त. ५०० पासून अठरा किंवा अधिक दूर, कुठल्याही बाजूला, जाण्याची शक्यता सुमारे २७ टक्के. चार जणांनी असा प्रकल्प केला तर एकाचं असं येईल.

आपल्याआधी हे करणारे लोक होते. अठराव्या शतकात ब्युफाँ: ४०४० फेकी, २०४८ छापे. कार्ल पिअर्सन: २४,००० फेकी, १२,०१२ छापे. जॉन केरिक दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत होता, तिथे त्यानं १०,००० फेकी केल्या, ५०६७ छापे. बंदिवासात बसून दहा हजार वेळा नाणं टाकायचं आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. आमच्या हजारांनंतर त्या माणसाबद्दल मनात वेगळाच आदर आहे. त्याचे ६७ जास्त आहेत. त्याचं प्रमाण विचलन ५०, तेव्हा तेही नेहमीच्या पट्ट्यातच.

२८ जानेवारी

भाचीचा प्रश्न: नाणी वाढवली की अर्ध्याच्या जवळ जातो म्हणतात, मग बरोबर अर्धे येण्याची शक्यता कमी कशी होते?

आकडे मांडले. बरोबर अर्धे: १० नाण्यांत २४.६ टक्के, १०० नाण्यांत ७.९६, १००० नाण्यांत २.५२. नाणी शंभरपट झाली की शक्यता साधारण दहावा हिस्सा. कारण १००० नाण्यांत ५०१ ची शक्यता ५०० च्या जवळजवळ बरोबरीची आहे, ५०२ चीही, ४९८ चीही. डोंगराचा माथा सपाट आणि रुंद होतो, एकट्या ५०० च्या वाट्याला थोडंच उरतं.

आणि जवळ जाणं ते असं. १०० नाण्यांत ४० ते ६० छापे येण्याची शक्यता ९६.५ टक्के. १००० नाण्यांत ४६९ ते ५३१ ची ९५ टक्के. पहिल्यात हेलकावा दहांचा, दुसऱ्यात एकतीसचा. संख्येनं फरक वाढला. पण टक्क्यांत पाहिलं तर पहिला ४० ते ६०, दुसरा ४७ ते ५३. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि आधी पडलेले जास्तीचे छापे पुढे काटे पडून "फिटत" नाहीत. नाण्याला काही आठवत नाही. जास्तीचे अठरा तसेच राहतात, फक्त पुढच्या ढिगात ते दिसेनासे होतात.

यावर तिनं एक पान लिहिलं. प्रकल्पातलं ते सर्वांत चांगलं पान आहे.

२ फेब्रुवारी

फाईल दिली. धाकट्याला फोन करून विचारलं होतं. त्याच्या परवानगीनं मनानं भरलेल्या त्या वीस फेऱ्याही वेगळ्या पानावर लावल्या आहेत, खाली हिशेबासकट.

५ फेब्रुवारी

प्रकल्प संपला, वही उरली. एक हिशेब गेले पंधरा दिवस डोक्यात होता, तो आज केला.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तिथला नियम असा: रोज प्रत्येक विणकराच्या मालातून ५० टॉवेल तपासायचे, ३ किंवा जास्त सेकंडचे, म्हणजे दोष असलेले, निघाले की त्या दिवसाच्या पगारात कपात. नाणं आणि टॉवेल यांत फरक एवढाच की इथे दोन बाजू सारख्या नाहीत. समजा चांगल्या विणकराचे शंभरात २ टॉवेल सेकंड निघतात. सूत ओढीला तुटतं, एवढं तर कुणाच्याही हातून होतं.

५० पैकी एकही सेकंड नाही: ०.९८ चा ५० वा घात, ३६.४ टक्के. एक: ३७.२ टक्के. दोन: १८.६ टक्के. बेरीज ९२.२. उरले ७.८ टक्के. म्हणजे हात चांगला असूनही, नुसत्या निवडीच्या योगानं, शंभर दिवसांत आठ दिवस कपात.

महिन्याचे २६ दिवस धरले तर महिन्यात निदान एकदा कपात होण्याची शक्यता ८८ टक्के.

ती कपात मी लिहीत होतो. पगाराच्या वहीत, माझ्या अक्षरात. ज्यांच्या नावापुढे ती यायची ते म्हणायचे, "साहेब, काम तर रोजच्यासारखंच केलंय." रोजच्यासारखंच केलेलं असायचं.

आताच्या आमच्या कारखान्यात मर्यादा तीच आहे, ३. आज दुपारी चेकिंगच्या खात्याला कागद नेऊन दाखवला. ३ ऐवजी ४ केली तर चांगल्या विणकराची रोजची शक्यता १.८ टक्क्यांवर येते, महिन्याची ३७ वर. सुपरवायझरनी कागद ठेवून घेतला आणि विचारलं, ज्याचे खरोखर शंभरात ८ सेकंड निघतात तो या नव्या मर्यादेत किती वेळा सुटेल? प्रश्न योग्य आहे. उद्या तो काढून न्यायचा आहे. भाची म्हणाली, ती बसेल सोबत.